नंतर आलेला पेशंट आधी आत का जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई पडली, मनगट मोडलं, हात वाकडा झालेला कुणालाही दिसत होता. तरी कॅज्युअल्टीत तिला पावणेतीन तास बाकावर बसवून ठेवलं. मागाहून एक तरुण आला, स्वतःच्या पायांनी चालत, फोनवर बोलत. त्याला पाच मिनिटांत आत घेतलं. हा क्रम कोण लावतं, कशावरून लावतं, आणि ओळख असली की तो बदलतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कधी कधी बदलतो, आणि बदलतो तेव्हा ते चूकच असतं. पण इमर्जन्सीत माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी दाराजवळच्या त्या टेबलावर, जिथे हा क्रम लागतो. तुम्ही सांगताय तसे बहुतेक प्रसंग वशिल्याचे नसतात. त्या तरुणाने टेबलाशी काय सांगितलं ते तुम्हाला ऐकू आलेलं नाही. ‘छातीत दाबल्यासारखं होतंय’ एवढं जरी तो म्हणाला असेल, तरी आमचं घड्याळ सुरू होतं: दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे आणि डॉक्टरने तो डोळ्यांखालून घातला पाहिजे. ईसीजी काढायला आत न्यावंच लागतं. तो नॉर्मल निघाल्यावर आतल्या खुर्चीवर तो पुढचे तीन तास ताटकळत बसला असेल, तर ते तुम्हाला बाहेरून कसं दिसणार?

शिवाय रांग एकच नसते. बऱ्याच ठिकाणी किरकोळ जखमांची खोली वेगळी, तिथली सिस्टर वेगळी. बोट कापलेला माणूस अर्ध्या तासात टाके घालून घरी जातो, कारण त्याला एक्स-रे लागत नाही, भूल लागत नाही, खाट लागत नाही. तो तुमच्या आईच्या पुढे घुसलेला नसतो. तो तिच्या रांगेतच नसतो.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं, आम्ही सगळ्यांत जास्त आजारी कोण ते शोधतो, किंवा सगळ्यांत जास्त कोणाला दुखतंय ते. टेबलावर बसणाऱ्याच्या मनातला प्रश्न जरा निराळा असतो: हा माणूस इथे तासभर बसून राहिला तर त्याचं काय जाईल? मोडलेलं मनगट तासाभराने जास्त सुजेल, जास्त ठणकेल, पण हाड तेव्हाही तितकंच नीट बसवता येतं. उलट एखादा पंधरा वर्षांचा मुलगा लाजत लाजत ‘खाली पोटात दुखतंय’ म्हणतो, आणि नीट विचारल्यावर कळतं की दुखणं अंडकोशात आहे. तिथे पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत रक्तपुरवठा परत आला पाहिजे, नाहीतर तो अवयव जायची भीती. त्यातले चार तास त्याने घरीच सांगायचं की नाही या विचारात घालवलेले असतात. किंवा एखादं दोन वर्षांचं मूल हसतखेळत येतं आणि आई म्हणते, रिमोटमधला चपटा सेल सापडत नाहीये. तो सेल अन्ननलिकेत अडकला असेल तर दोन तासांत तिथे खोलवर भाजू शकतं. मूल दिसायला त्या हॉलमधलं सगळ्यांत ठणठणीत असतं, आणि तरी ते सगळ्यांच्या आधी आत जातं. पक्षाघाताचंही तसंच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून तोंड वाकडं झालेल्या आजोबांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो ‘काय होतंय’ हा नसतो. ‘शेवटचे धडधाकट कधी होतात?’ हा असतो.

या क्रम लावण्याला आम्ही ट्रायज म्हणतो. शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं, वेगवेगळं काढणं. आपण धान्य निवडतो तसंच. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दॉमिनिक लारे याने नियम घातला की हुद्दा पाहायचा नाही. जो जास्त धोक्यात, तो आधी. अधिकारी खरचटलेला असेल तर त्याने पोटात गोळी लागलेल्या शिपायाच्या मागे थांबायचं. पुढे १८४६ मध्ये जॉन विल्सन या ब्रिटिश आरमारातल्या सर्जनने त्यात एक अवघड भर घातली: ज्यांना ताबडतोब शस्त्रक्रिया केल्याने फायदा होईल त्यांना आधी घ्या, त्यासाठी किरकोळ जखमींना थांबवा आणि ज्यांना वाचवता येणार नाही त्यांनाही थांबवा. रोजच्या इमर्जन्सीत आम्ही लारेचे असतो. मोठ्या दुर्घटनेच्या दिवशी विल्सनचे व्हावं लागतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

टेबलाशी एका पेशंटसाठी साधारण दोन ते पाच मिनिटं मिळतात. खरं काम त्याआधीच सुरू झालेलं असतं, तो दारातून टेबलापर्यंत येतो त्या दहा पावलांत. चालतो कसा, पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांवर दम लागतो, चेहरा पांढराफटक पडलाय का, दरदरून घाम फुटलाय का. मग ठरलेल्या क्रमाने: श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास कसा चाललाय, रक्ताभिसरण, शुद्ध. यातल्या एकातही गडबड दिसली की कागद बाजूला आणि पेशंट थेट आत. नाव-पत्ता नंतर.

सगळं ठीक दिसलं तर आकडे घ्यायचे. नाडी, बीपी, ताप, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) आणि श्वासांचा वेग. यातला शेवटचा सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत जास्त मनाने लिहिला जाणारा. बाकीचे आकडे मशीन देतं. श्वास मात्र छातीकडे बघत, घड्याळ लावून मोजावे लागतात, आणि गर्दीत तेवढा धीर कोणाला नसतो. म्हणून पानोपान १८ नाहीतर २० लिहिलेलं सापडतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत आहे. तिच्यात श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असले की त्या एकाच गोष्टीचे तीन गुण लागतात, आणि कुठल्याही एका आकड्याला तीन गुण मिळाले की डॉक्टरने लवकर येऊन बघायचं. शरीर खचायला लागलं की बहुधा आधी श्वास वाढतो, बीपी बऱ्याच नंतर पडतं. मी नव्या मुलांना सांगतो, बीपीचा पट्टा हवा भरतोय तेवढ्या वेळात श्वास मोजा. पेशंटला सांगू नका मोजताय म्हणून. सांगितलं की श्वास बदलतो.

आणि मग गोष्ट, म्हणजे काय घडलं ते. पडलेल्या माणसाच्या बाबतीत मोडलेल्या हाडापेक्षा मला दुसऱ्याच प्रश्नाची काळजी असते: पडला कसा? पाय घसरून की आधी डोळ्यांपुढे अंधारी येऊन? डोकं आपटलं का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक सत्तरीचे गृहस्थ आले, उजवं मनगट मोडलेलं, गप्पा मारत होते, स्वतःच्याच वेंधळेपणावर हसत होते. मी हात पाहिला, बोटं हलतात का पाहिलं, हिरवा शेरा (म्हणजे थांबू शकतो) मारला आणि बसायला सांगितलं. चाळीस मिनिटांनी ते बाकावरून घसरून खाली कोसळले. नाडी होती ३२. हृदयातला विजेचा मार्गच तुटलेला, पूर्ण हार्ट ब्लॉक. पहिल्यांदा पडले तेही त्यामुळेच. ज्या मनगटावर मी सवयीने नाडी बघतो तेच मनगट मोडलं होतं, आणि दुसऱ्या हाताची बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पेसमेकर बसला, ते बरे होऊन घरी गेले. आजही मनगट मोडलेला पेशंट आला की माझा हात आधी त्याच्या दुसऱ्या मनगटाकडे जातो.

या सगळ्याला चौकट देणाऱ्या पद्धती जगभर आहेत, बहुतेक पाच पायऱ्यांच्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची श्रेणी डॉक्टरने किती वेळात बघायचं ते सांगते: पहिली तत्काळ, दुसरी दहा मिनिटं, तिसरी अर्धा तास, चौथी एक तास, पाचवी दोन तास. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात तयार झालेली मँचेस्टर पद्धत रंगांची आहे, आणि तिथे पिवळ्याला एक तास, हिरव्याला दोन, निळ्याला चार. अमेरिकेतला ‘इमर्जन्सी सिव्हेरिटी इंडेक्स’ वेगळाच विचार करतो. आधी विचारतो, जीव वाचवायला आत्ता काही करावं लागणार का. मग, हा थांबू शकेल का. आणि थांबू शकत असेल तर त्याच्यासाठी किती साधनं लागतील. मला स्वतःला पहिल्या दोन पद्धती जास्त पटतात, कारण त्या पेशंटला एक वेळ कबूल करतात.

तुमच्या आईबद्दल आता बोलता येईल. वाकडं झालेलं मनगट, बोटं गुलाबी, संवेदना शाबूत, जखम उघडी नाही: हा साधारण मधला गट. म्हणजे अर्धा ते एक तास. या गटाला पावणेतीन तास हे वेळ ठरवून देणाऱ्या कुठल्याच पद्धतीत बसत नाही. तेव्हा तो तरुण आधी गेला ही तुमची तक्रार मला कमकुवत वाटते, पण आई इतका वेळ बसली ही तक्रार रास्त आहे. आणि माझ्या दृष्टीने त्याहून मोठी एक आहे, जी तुम्ही मांडलीच नाही: त्या वेळात तिला दुखणं कमी करायचं औषध मिळालं का? हात झोळीत बांधून उशीवर उंच ठेवला का? बोटातली अंगठी सूज चढायच्या आधी काढली का? मधे कोणी येऊन बोटांचा रंग बघितला का? चांगल्या ट्रायजमध्ये हे टेबलावरच होतं, डॉक्टरची वाट न बघता. वाट बघायला लावणं एक वेळ समजू शकतो. विव्हळत वाट बघायला लावणं हा आळस आहे. (पाणीसुद्धा दिलं नाही म्हणून रागावला असाल तर तेवढं मात्र माफ करा. हाड बसवताना गुंगीचं औषध लागू शकतं, म्हणून पोट रिकामं ठेवतात. पण हे कारण कोणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं.)

इतका उशीर का होतो, तेही सांगतो. बाहेरच्यांना वाटतं, सर्दी-पडशाच्या पेशंटांमुळे. ते लवकर निपटतात. कोंडी होते ती वरच्या मजल्यांवर. ज्यांना भरती करायचं ठरलंय पण वॉर्डात खाट नाही, असे पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर तासन् तास पडून राहतात. दहा स्ट्रेचरपैकी सात अशा पेशंटांनी अडले की उरलेल्या तिघांवर अख्खा हॉल फिरतो. टेबलावरची सिस्टर कितीही हुशार असली तरी तिला खाट निर्माण करता येत नाही.

आम्हाला फसवणारे पेशंट ही वेगळीच जमात आहे. जो ओरडतो त्याचा श्वासमार्ग मोकळा असतो, मेंदूला रक्त पोचत असतं. तो तात्पुरता सुरक्षित, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. पण त्यातून काही जण ‘ओरडणारा म्हणजे नाटकी’ असा उलटा धडा घेतात, आणि महाधमनी फाटलेला माणूसही ओरडतो. खरी भीती वाटते ती शांत बसलेल्यांची. दम्याचा पेशंट घरघर थांबून गप्प झाला तर तो बरा झालेला असेल किंवा दमून हरलेला. छातीला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय कळत नाही. बीटा-ब्लॉकर (नाडी संथ ठेवणारी गोळी) घेणाऱ्या आजींच्या पोटात रक्तस्राव चालू असला तरी नाडी ७० दाखवते. वृद्धांना जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही, फक्त ‘कालपासून आजोबा काहीतरी असंबद्ध बोलताहेत’. मधुमेही माणसाला हार्ट अटॅकमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ आणि थकवा असू शकतो; बायकांमध्येही ही अशी लक्षणं जास्त वेळा दिसतात आणि ‘अॅसिडिटी’ म्हणून बसवली जातात. पाळी चुकलेली तरुणी पोटात दुखून चक्कर येऊन आली, तर गर्भनलिकेतला गर्भ फुटलेला नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आमच्यासाठी लाल, म्हणजे थेट आत. आणि मुलं! मुलाचं शरीर शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं. बीपी पडेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. मुलाचं बघायचं ते नाडी, हातापायांचा गारठा, आणि ते आईकडे बघतंय का ते.

मशीनही फसवतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा ओळखत नाही, बंद खोलीत धुरात सापडलेल्या माणसाचं सॅच्युरेशन छान ९९ दाखवतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही आता नीट नोंदलं गेलंय.

म्हणून ट्रायजचा शेरा कोरला गेला असं समजू नये. तो त्या पाच मिनिटांपुरता खरा असतो. हॉलमध्ये बसलेला पेशंट ही इमर्जन्सीतली सगळ्यांत धोक्याची जागा, कारण त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आतल्याला निदान मॉनिटर लागलेला असतो. ठरावीक वेळाने कोणीतरी हॉलमधून फेरी मारून आकडे पुन्हा घ्यायला हवेत, आणि दिलेली वेळ उलटून गेलेल्यांचे तर नक्कीच. माणसं कमी पडली की पहिली बंद पडते ती हीच फेरी. माझ्या हार्ट ब्लॉकवाल्या आजोबांना ती फेरी मिळाली असती तर विसाव्या मिनिटाला सापडले असते.

मोठ्या अपघाताच्या दिवशी हे सगळे नियम फिरतात. तिथे एकेका जखमीला मिनिटही मिळत नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ पद्धत अशी: जे चालू शकतात त्यांना हाक मारून एका बाजूला बोलवा, ते हिरवे. उरलेल्यांत जो श्वास घेत नाही त्याचा श्वासमार्ग उघडा. तरी श्वास आला नाही तर काळा, पुढे चला. श्वास ३०च्या वर असेल, मनगटाला नाडी लागत नसेल, किंवा साधी सूचना ऐकता येत नसेल तर लाल. बाकीचे पिवळे. वाहतं रक्त दाबून थांबवणं आणि श्वासमार्ग उघडणं, एवढाच उपचार करत पुढे सरकायचं. काळी पट्टी बांधताना हात थरथरतात. रोजच्या इमर्जन्सीत ज्या माणसावर आम्ही आठ जण तुटून पडलो असतो, त्याच्यापाशी थांबायचं नाही. तिथे थांबलं तर पलीकडचे दोन वाचू शकणारे जातात.

त्या दिवशी भीतीपोटी सगळ्यांनाच लाल करणं ही सुरक्षित चूक वाटते. ती सुरक्षित नाही. बॉम्बस्फोटांनंतरच्या अभ्यासांत दिसलंय की किरकोळ जखमींना गंभीर ठरवण्याचं प्रमाण जितकं जास्त, तितके खरोखर गंभीर असलेले जास्त दगावतात. रोजच्या कामात मात्र तराजू उलटा असतो: तिथे शंका आली तर वरची पायरी द्यायची, कारण एक जास्तीचा ईसीजी काढणं परवडतं. आणि दुर्घटनेत पहिली लाट नेहमी चालत्या माणसांची. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला गेला, तेव्हा जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवसात ६००हून अधिक लोक आले, त्यातले बरेचसे रुग्णवाहिकेविना. सर्वांत गंभीर पेशंटसाठी जागा राखायची तर आधी पोचलेल्यांना ती न देण्याची तयारी लागते.

एक अपवाद मला फार आवडतो. मैदानावर वीज पडून पाच-सहा जण पडले, तर जे मेल्यासारखे दिसताहेत त्यांच्याकडे आधी जायचं. विजेच्या धक्क्याने थांबलेलं हृदय बऱ्याचदा आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र बधिर राहतं; तेवढा वेळ श्वास दिला तर माणूस उठतो. आणि जो विव्हळतोय, श्वास घेतोय, तो बहुधा जगतो.

पुढच्या वेळी (न येवो) टेबलाशी काय बोलावं ते विचारलंत. निदान सांगू नका, काय बदललं ते सांगा आणि वेळ सांगा. ‘अॅसिडिटी आहे’पेक्षा ‘सकाळी सातपासून छातीत जड वाटतंय, घाम आलाय’ हे आम्हाला कामाचं. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ते न विचारता सांगा. ‘ही नेहमी अशी नसते’ हे वाक्य बिनधास्त वापरा. तुम्ही तिला रोज बघता, आम्ही पाच मिनिटं. फुगवून सांगू नका, आकडे घेतले की ते उघडं पडतं आणि मग खऱ्या गोष्टीवरही विश्वास बसत नाही. विचारा: आम्हाला कुठला गट दिलाय, साधारण किती वेळ, आणि काय झालं तर परत टेबलाशी यायचं? आणि बसलेलं असताना दम वाढला, झोपाळू झाली, घाम फुटला, तर रांग मोडून थेट सिस्टरकडे जा. त्याला घुसणं म्हणत नाहीत.

आईच्या हाताला आता प्लास्टर असेल. हात उंच ठेवा, बोटं हलवायला लावा. दुखणं गोळीनेही न थांबता वाढत गेलं, बोटं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, तर सकाळची वाट न बघता परत जा. या वेळी बाकावर बसू नका. टेबलाशी जाऊन पहिलं वाक्य हेच बोला: ‘प्लास्टरनंतर बोटं बधिर झालीत.’